गॅलरीतली भाजीबाग

कुंडीतली भाजी आधी ऊन मागते, खतपाणी त्यानंतर. टोमॅटो, वांगी, मिरची या फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे तीन-चार तासांवर भागते. म्हणून काय लावायचे हे आवडीआधी गॅलरीची दिशा ठरवते. महाराष्ट्रात दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येते. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर आला की तीच गॅलरी सावलीत जाते. उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात थेट ऊन येत नाही. तिथे पुदिना किंवा पानओव्यावर समाधान मानावे.

कुंडीची खोली मुळांवरून ठरते. मेथी-कोथिंबिरीला १५ सेंटिमीटर खोलीचा पसरट ट्रे पुरतो. मुळा-गाजराला २५ ते ३० सेंटिमीटर लागतात. टोमॅटो-वांग्याच्या एका रोपाला १५ ते २० लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग द्यावी. तळाला भोके हवीतच, आणि पाण्याचा निचरा होण्यासाठी कुंडी विटांवर टेकवावी. ओल्या मातीने भरलेली मोठी कुंडी २० किलोच्या पुढे जाते, त्यामुळे जड कुंड्या कठड्यावर न ठेवता भिंतीलगत जमिनीवर ठेवाव्यात.

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळांना हवा मिळत नाही. तांबडी माती, कोकोपीट आणि कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट समप्रमाणात घेऊन त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. ‘प्रयोग परिवार’ या शेतीप्रयोगांच्या चळवळीचे श्री. अ. दाभोलकर यांनी पालापाचोळा कुजवून घरच्या घरी सुपीक माती तयार करण्याचा मार्ग दाखवला. सोसायटीच्या आवारात झाडून जाळला जाणारा पाला हा खरे तर या बागेचा कच्चा माल आहे.

धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. दाणे हलके रगडून त्यांच्या डाळी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेराव्यात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढणीला तयार होते. टोमॅटो-मिरचीची रोपे आधी ट्रेमध्ये तयार करावीत आणि चार-पाच पाने आल्यावर संध्याकाळी कुंडीत लावावीत.

पाणी घड्याळ बघून घालू नये. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. वरचेवर पाणी दिल्याने अन्नद्रव्ये वाहून जातात, म्हणून दर पंधरवड्याला ओंजळभर कंपोस्ट घालावे. नत्र जास्त झाले तर टोमॅटो नुसताच पानांनी माजतो, फळ धरत नाही. बंदिस्त गॅलरीत वारा व मधमाश्या कमी येतात, तेव्हा टोमॅटो फुलल्यावर सकाळी फुलांच्या देठांना हलकी टिचकी मारावी. पराग झडून फळधारणा होते. काकडी-दोडक्याच्या मादीफुलाला मात्र नरफुलाचे पराग हाताने लावावे लागतात. मावा किंवा पांढरी माशी दिसली, तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे.

पहिल्या हंगामात मेथी, कोथिंबीर आणि टोमॅटोची दोन रोपे एवढेच लावावे. ती नीट सांभाळली गेली, की मगच कुंड्या वाढवाव्यात.