उपळसरीचा फेस

यजमानांच्या सेवानिवृत्तीस तीन आठवडे उरले होते आणि लक्ष्मीबाई नगरातील आमच्या सरकारी घरातले निम्मे सामान खोक्यांत गेले होते. अशा वेळी अमेरिकेहून लेक आणि दहा वर्षांचा नातू सुट्टीस आले. लेकीचे लग्न ह्याच घरातून झाले. घर सोडण्यापूर्वी नातवाने ते एकदा डोळे भरून पाहावे, एवढीच माझी इच्छा होती. परंतु दिल्लीच्या जूनमधील उन्हाने तो दोन दिवसांतच कोमेजला. पन्हे नको, ताक नको, कोकमसरबत तर मुळीच नको. ‘मग हवे तरी काय रे बाळा?’ असे विचारले, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘रूट बियर फ्लोट.’

‘बियर’ ऐकून यजमान दचकले. तेव्हा लेकीने खुलासा केला. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स ह्यांनी १८७६ साली तेथील मोठ्या प्रदर्शनात लोकांपुढे आणलेले हे मुळ्यासालींचे पेय. त्यात दारू नसते. वर आईस्क्रीमचा गोळा तरंगत सोडला की झाला फ्लोट. मागे तिकडे गेले असता मी ते चाखले होते आणि सांधेदुखीच्या मलमाची आठवण होऊन पेला हळूच बाजूला सारला होता. मलमाला आणि त्या पेयातील विंटरग्रीनला वास देणारे द्रव्य एकच, हे मला पुढे कळले. सॅसॅफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाची साल हा त्याचा मूळचा प्राण. पण तिच्यातील सॅफ्रोल हे द्रव्य अपायकारक ठरून १९६० साली अमेरिकेत अन्नपदार्थांत वर्ज्य झाले. दुसरा जुना घटक सार्सापरिला. हे नाव ऐकताच मला आईची काचेची बरणी आठवली. आपल्या उपळसरीला, म्हणजे अनंतमुळाला, इंग्रज लोक हिंदी सार्सापरिलाच म्हणत. कूळ निराळे असले तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला घेऊन खारी बावलीत गेले. दुकानदाराने दोन जुड्या पुढे टाकल्या. एक जाड, काळसर आणि स्वस्त. दुसरी बारीक, तांबूस आणि धुळीने माखलेली. मी एकेक मूळ मोडून नातवाच्या नाकाशी धरले. पहिल्याला वासच नव्हता. दुसरे हुंगून तो म्हणाला, ‘व्हॅनिला!’ पोराचे नाक खरे होते. उपळसरीचे सुगंधद्रव्य हे व्हॅनिलाच्या सुगंधद्रव्याचे रासायनिक भावंडच. अणू तेच आणि तितकेच, मांडणी तेवढी वेगळी. आय. एन. ए. मार्केटात केरळी दुकानदार नन्नारी म्हणून ह्याच मुळाचे तयार सरबत विकतात. त्याचीही एक बाटली आणून पाहिली. गोडी भरपूर, पण मातीचा तो ओला वास तिच्यात नव्हता.

शंभर ग्रॅम मुळे घासून धुतली, ठेचली आणि आतली लाकडी काडी काढून टाकली. वास सालीतच असतो. एक लिटर कढत पाण्यात घालून रात्रभर झाकण ठेवले. खळखळा उकळले तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो. सकाळी गाळून आठशे ग्रॅम साखर घातली आणि मंद आचेवर ती विरघळेपर्यंतच ठेवले.

एवढी निगुती केली आणि पहिला पेला मीच बिघडवला! कोपऱ्यावरच्या गाडीवरची बंट्याची बाटली, म्हणजे आपली गोटी सोड्याची, नातवाला फार आवडली होती. म्हणून तीच फोडली आणि हाताच्या सवयीने वर अर्धे लिंबू पिळले. आईस्क्रीम सोडताच दूध फाटावे तसे पांढरे कण वर आले. बंट्यातही लिंबूच असते, आंबटाने दूध नासते, हे चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला आठवू नये! नातू काहीच बोलला नाही. पेला ठेवून तो बाल्कनीत जाऊन बसला. मला रात्री झोप लागली नाही. ह्या घराची त्याला एवढीच आठवण राहणार की काय?

तिसऱ्या दिवशी आईस्क्रीमचा डबाही वाचून घेतला. आधीच्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिले होते; त्यात वनस्पती-तेल चालते, आणि जिभेवर त्याचा तेलकट थर राहतो असे माझे मत आहे. साध्या आईस्क्रीमला नियमाने किमान दहा टक्के दुधाचे स्निग्ध लागते; तसले व्हॅनिलाचे आणले. सोडा अगदी साधा घेतला आणि बर्फात गाडून ठेवला, कारण कोमट सोड्यातील वायू ओततानाच उडून जातो. पेले खोक्यांत बांधले गेले होते. तेव्हा स्टीलची उंच फुलपात्री काढली. तळाशी तीन चमचे सरबत, वर कडेकडेने सोडा आणि शेवटी आईस्क्रीमचा गोळा. त्यातील बारीक हवेचे बुडबुडे नि बर्फाचे कण वायूला जागा देतात, म्हणून फेस असा झपाट्याने वर चढतो. तो काठावरून उतरून ओट्यावर सांडला. नातवाने धावत येऊन तोंडच लावले.

‘तिकडच्यासारखे झाले का रे?’ मी भीत भीत विचारले.

‘नाही,’ तो म्हणाला, आणि फुलपात्र पुढे केले. ‘अजून एक. आणि आजी, लिंबू नको.’