शेपटी कोणीकडे वळते? वऱ्हाडातील वानरांचा एक अलिखित दप्तरखाना

गाविलगडाच्या तटावर उन्हे कलतात तेव्हा तेथे उरतात ती काळ्या तोंडाची, राखी अंगाची वानरे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड घेतला, हे इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्याच तटावर बसलेल्या या प्राण्याच्या अंगावर त्याहून कितीतरी जुना इतिहास आहे. तो वाचायचा तर आधी शेपटीकडे पाहावे लागते. हा धागा त्या शेपटीविषयी आहे.

आधी नावांचा घोळ निस्तरू. मराठीत लालसर तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे ते वानर. वऱ्हाडात त्यालाच वांदर म्हणतात. ग्रामीण माणूस या दोहोंत सहसा गल्लत करत नाही, शहरी माणूस हमखास करतो. शास्त्रीय नाव १७९७ साली द्युफ्रेन या फ्रेंच अभ्यासकाने दिले, ‘एंटेलस’. व्हर्जिलच्या महाकाव्यातील एका वृद्ध मुष्टियोद्ध्याचे हे नाव. पुढे याच्या भाऊबंदांना प्रायम, हेक्टर, एजॅक्स अशी ट्रॉयच्या युद्धातील नावे मिळत गेली. आपल्याकडे ज्याला रामायणाने मान दिला, त्याला युरोपने आपल्या महाकाव्यांत नेऊन बसवले. गंमत अशी की दोन्हीकडे त्याच्या वाट्याला युद्धकथाच आल्या.

वानराचे कूळ मूळचे आफ्रिकेतले. त्याचा एक जुना नातलग सापडला तो ग्रीसमध्ये, अथेन्सजवळच्या पिकेर्मी येथे. एका बव्हेरियन शिपायाला तेथे हाडांमध्ये चमकणारे स्फटिक दिसले. हिरे समजून त्याने ती हाडे जपून म्युनिकला नेली. हिरे निघाले नाहीत, पण वाग्नर या प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ साली त्यातून ‘मेसोपिथेकस’ हे सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वीचे माकड ओळखले. साधारण त्याच काळात शिवालिकच्या टेकड्यांत बेकर व ड्युरांड या अधिकाऱ्यांना माकडाचा जीवाश्म मिळाला होता. जगात ओळखल्या गेलेल्या माकडांच्या अगदी पहिल्या जीवाश्मांपैकी तो एक.

या कुळाने पोटासाठी एक वेगळीच वाट धरली : पाला. पाला सर्वत्र मिळतो, पण पचत नाही आणि त्यात विषारी द्रव्येही असतात. वानराचे जठर कप्प्याकप्प्यांचे आहे. त्यातले जिवाणू पाला आंबवतात आणि त्यातली बरीच विषे निष्प्रभ करतात. मग वानर ते जिवाणूच पचवते. त्यासाठी लागणारे लायसोझाइम हे विकर आपल्या अश्रूंतही असते. वानरात ते जठरातील आम्लात काम करील असे बदलले आहे. १९८७ साली कॅरो-बेथ स्ट्यूअर्ट, जेम्स शिलिंग आणि अॅलन विल्सन यांनी दाखवले की हे बदल गाईच्या लायसोझाइममधील बदलांशी जुळतात. गाय आणि वानर यांचे नाते दूरचे, पण पाला खाण्याच्या एकाच अडचणीने दोघांच्या शरीरात स्वतंत्रपणे सारखेच उत्तर घडवले. गोठ्यात रवंथ करणारी गाय आणि गोठ्यावरच्या चिंचेवरचे वांदर, दोघांच्या पोटात एकच युक्ती.

हरभऱ्याचे घाटे नि तुरीच्या शेंगा यांवर वानरांची धाड का पडते, याचे उत्तरही याच पोटात आहे. कडधान्याचा कोवळा पाला आणि दाणा म्हणजे जंगलातल्याच आहाराची अधिक सकस, एका जागी दाटीने वाढवलेली आवृत्ती. रात्र-रात्र जागून रानडुकरे हाकणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वानरे हाकावी लागतात. मारुतीच्या पारावर हात जोडणारा तोच, बांधावर गोफण फिरवणारा तोच. यात दांभिकपणा शोधणाऱ्याने एकदा तुरीच्या हंगामात अकोट तालुक्यात जाऊन यावे.

मेळघाटात वानर दिसते ते वेगळ्या नात्यात. झाडावर वानरे, खाली चितळे. वरून पडलेला पाला, फुले, अर्धवट खाल्लेली फळे चितळांना मिळतात. वाघ-बिबट्याची चाहूल लागताच वानराचा खाकरल्यासारखा इशारा आणि चितळाची शीळ एकमेकांच्या कामी येते. पॉल न्यूटन यांनी कान्हाच्या जंगलात या सोबतीचा अभ्यास करून १९८९ साली प्रश्न विचारला होता की ही निव्वळ योगायोगाची गाठ आहे की परस्परहित.

आता शेपटी. ती शरीराहून लांब असते आणि झेप घेताना तोल सांभाळते. फांदी पकडण्यास ती उपयोगी नाही, तो गुण अमेरिका खंडातील काही माकडांचा. पण वानर जमिनीवर चालू लागले की शेपटी उंच कमानीसारखी उभी राहते, आणि येथे देशाचे दोन भाग पडतात. उत्तरेकडील वानराच्या शेपटीचे टोक पाठीवरून डोक्याकडे वळते. दक्षिणेकडील वानराचे टोक मागे, डोक्यापासून दूर झुकते. प्राणिशास्त्रज्ञ मिठनलाल रूणवाल यांनी हा भेद नकाशावर मांडला, तेव्हा सीमारेषा निघाली ती तापी-गोदावरीची.

ही रेषा बोटाने ओढून पाहावी. पश्चिमेस तापी, पूर्वेस गोदावरी; आणि मध्ये? मध्ये वऱ्हाड. तापी मेळघाटाच्या उत्तर कडेने वाहते, अमरावती-अकोल्याची पूर्णा तिलाच मिळते. अमरावतीच्या पूर्व सीमेवरची वर्धा मात्र प्राणहितेतून गोदावरीत जाते. तापी आणि वर्धा या दोघींचा उगम एकाच मुलताई परिसरात. नकाशावरच्या दोन नद्यांचा सांधा वऱ्हाडात येतो. अर्थात वैशाखात पूर्णेचे पात्र वानर पायी ओलांडू शकते. नदी ही भिंत नव्हे, नकाशा काढणाऱ्याची सोय आहे. तरीही माकडांचीही जुनी सीमा जवळपास हीच असावी, हे विचार करायला लावते : उत्तरेस आखूड शेपटीचे ऱ्हिसस, दक्षिणेस लांब शेपटीचे टोपी माकड.

एवढा ठळक भेद इतकी वर्षे दुय्यम का राहिला? कारण प्राणिशास्त्राचा दप्तरखाना म्हणजे संग्रहालयातील कातडी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण १९११ साली सुरू झाले, तेही नमुने गोळा करणारेच. पेंढा भरलेल्या कातड्यावर रंग मोजता येतो, शेपटीची ऐट नाही. म्हणून रंगावरून जाती पाडल्या गेल्या आणि पुन्हा पुन्हा मोडल्या. प्रवीण कारंत, लालजी सिंग आणि त्याच कॅरो-बेथ स्ट्यूअर्ट यांनी २०१० साली जनुके तपासली, तेव्हा ‘हनुमान वानर’ नावाखाली एकच वंश नसल्याचे पुन्हा स्पष्ट झाले. काहींचे नाते निलगिरीच्या वानराशी आणि श्रीलंकेतल्या जांभळ्या तोंडाच्या वानराशी अधिक जवळचे निघाले. तूर्त तीन जाती मानाव्यात, असे त्यांनी सुचवले.

हा जिवंत दप्तरखाना मात्र पुसला जाऊ शकतो. ऱ्हिससने दक्षिणेकडे हातपाय पसरल्याने टोपी माकडाचे क्षेत्र आक्रसत असल्याची नोंद २०११ सालच्या एका अभ्यासात आहे. उपद्रव होतो म्हणून एका गावची टोळी पकडून दूरच्या जंगलात सोडली, की उपद्रव फक्त पत्ता बदलतो आणि हजारो पिढ्यांनी आखलेल्या रेषेवर एक शाईचा डाग पडतो. पुढच्या अभ्यासकाला ते वानर तेथलेच वाटेल.

चिखलदऱ्याच्या वाटेवर, नरनाळ्याच्या दरवाजात किंवा मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या बागेत वानर दिसले तर केळे देऊ नये. ते चालू लागेपर्यंत थांबावे, शेपटीचे टोक कोणीकडे वळते ते पाहावे आणि गावाचे नाव व तारीख टिपून ठेवावी.