प्राणवायू न पोचणारी जागा

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात माशांना घातलेल्या अन्नातील बरेचसे नत्र त्यांच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते. जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि पहिले दोन विषारी टप्पे पार पडल्याच्या समाधानात बहुतेक हौशी मंडळी नायट्रेटकडे काणाडोळा करतात. हिशेब मात्र साधा आहे. पंचेचाळीस टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम कोरड्या अन्नातील सारे नत्र पाण्यात राहिले, तर शंभर लिटर पाण्यात लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. प्रवाळभित्तीवरील समुद्रात हेच प्रमाण १ मिलिग्रॅमच्याही खाली असते. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले, तरी साचलेल्या नायट्रेटचा फक्त दहावा हिस्सा निघून जातो.

हे नायट्रेट वायुरूप नत्रात परतवण्याचे काम दुसऱ्या जातीचे जिवाणू करतात, आणि सगळी गंमत त्यांच्या सवयीत आहे: आसपास विरघळलेला प्राणवायू मिळतो तोवर ते तोच वापरतात, तो संपला की नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेतात व उरलेले नत्र बुडबुड्यांच्या रूपाने हवेत सुटते. म्हणजे माशांसाठी पाणी सतत खेळते ठेवणाऱ्याला त्याच टाकीत प्राणवायू न पोचणारी जागाही राखावी लागते. जकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातून सजीवांसह आणलेले सच्छिद्र खडक टाकीत ठेवून, केवळ हवेच्या बुडबुड्यांवर मासे व प्रवाळ जगवण्याची आपली पद्धत १९६१ मध्ये लेखरूपाने मांडली. अशा खडकाच्या बाहेरच्या पापुद्र्यात नायट्रेट तयार होते आणि आतल्या छिद्रांत ते नाहीसे होते. फ्रान्समधील नीसचे झाँ झोबेर यांनी हेच काम वाळूकडे सोपवले: त्यांच्या रचनेत तळाशी जाळीखाली स्थिर पाण्याची पोकळी आणि तिच्यावर वाळूचा जाड थर असतो. पोकळी गाळून नुसता दहा-पंधरा सेंटिमीटर बारीक वाळूचा थर देणारेही पुष्कळ आहेत. मात्र तो वारंवार उकरू नये, कारण खोलवर साचलेला, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू वर आला तर मासे दगावू शकतात. वरचा थर किडे आणि गोगलगायी हलवत राहतात तेवढे पुरे.

दुसरा मार्ग शैवालाचा. मुख्य टाकीला जोडलेल्या, स्वतंत्र दिवा असलेल्या छोट्या कप्प्यात, म्हणजे रेफ्यूजियममध्ये, कीटोमॉर्फा हे गुंतवळासारखे शैवाल वाढवतात. ते नायट्रेट व फॉस्फेट शोषते, आणि वाढलेला गुंता कापून टाकला की शोषलेले नत्र टाकीबाहेर जाते. कापणी हाच या पद्धतीचा प्राण आहे, कारण शैवाल कुजू दिले तर घेतलेले सारे ते परत पाण्यात सोडते. कॉलर्पा हे दिसायला देखणे शैवाल मात्र टाळलेले बरे: पुनरुत्पादनाच्या वेळी ते अचानक पांढरे पडून पाणी गढूळ करते, आणि त्याचीच एक मत्स्यालयी जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोरच्या समुद्रात आढळल्यानंतर भूमध्य समुद्रात दूरवर पसरली.

भारतात २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने मालवण किंवा लक्षद्वीपचे प्रवाळखडक उचलून घरी आणणे हा गुन्हा ठरतो. त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे वापरावेत. त्यांत जिवाणूंची वस्ती स्थिरावायला काही महिने लागतात, आणि तेवढा काळ मासे मोजके व अन्न बेताचेच ठेवावे लागते. नायट्रेट घटवण्याच्या घाईत कोणी ते शून्यावर आणून दाखवतात, पण तेही प्रवाळांना मानवत नाही: त्यांच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही नत्र लागतेच, ते न मिळाल्यास प्रवाळ फिकट पडतात, आणि मोकळ्या झालेल्या वाळूवर बहुधा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा तपकिरी, चिकट थर चढतो.