हरकती व सूचना

१
तहसील कचेरीच्या व्हरांड्यातल्या सूचना फलकाला लोखंडी जाळीचं दार आहे आणि दाराला कुलूप. आत कागदावर कागद. वरच्याने खालच्याची तारीख झाकली आहे, खालच्याने त्याच्याही खालच्याचा जावक क्रमांक. किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला. सगळ्या नोटिशींचा शेवट मात्र स्वच्छ दिसतो: सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

२
शासन निर्णय मी खालून वर वाचतो. खाली 'प्रत' असते. राज्यपालांचे सचिव, मुख्यमंत्र्यांचे सचिव, महालेखापाल मुंबई, महालेखापाल नागपूर, सर्व विभागीय आयुक्त, सर्व जिल्हाधिकारी, सर्व मुख्य कार्यकारी अधिकारी. निर्णय अर्ध्या पानाचा आणि यादी दीड पानाची, असंही पाहिलं आहे. ज्या कोळ्यासाठी, कुळासाठी किंवा किल्ल्यासाठी हा खटाटोप, त्याचं नाव यादीत नसतं. शेवटची प्रत 'निवड नस्ती'ला. ती कधी चुकत नाही.

३
संरक्षित स्मारकाचा निळा फलक. १९५८ चा अधिनियम; स्मारकाची नासधूस करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१० साली कायदा बदलला. आता दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. जुन्या आकड्यांचे फलक त्यानंतरही ठिकठिकाणी उभे राहिले. अशाच एका फलकावर 'पाच हजार'च्या शेजारी कुणीतरी खिळ्याने बदाम कोरला आहे. आत दोन अक्षरं, मधून आरपार बाण. फलक स्मारकात धरतात की नाही, हे फलकावर लिहिलेलं नाही.

४
स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचं २०० मीटर विनियमित. ही वर्तुळं १९९२ च्या अधिसूचनेत आखली गेली, २०१० साली थेट कायद्यात आली. वर्तुळ आखायला सोपं, कारण कागदावरचा किल्ला रिकामा असतो. पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे, तालुक्याच्या कचेऱ्या आहेत, शाळा आहेत, हॉटेलं आहेत, झुणका-भाकरीच्या टपऱ्या आहेत. घरच तटाच्या आत, त्यामुळे टेप धरायच्या आधीच माणूस वर्तुळात. प्रतिबंधित क्षेत्रात दुरुस्ती काढायची तर आधी परवानगी.

११ जुलै २०२५ रोजी पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. राज्यभर पेढे. पन्हाळ्यावर त्याआधीपासून एक प्रश्न फिरत होता: आता आणखी काय काय बंद होणार?

५
बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या संरक्षणात, चार राज्याच्या. शिवनेरीची पायरी केंद्राची, राजगडाची राज्याची. दमछाक सारखीच.

६
जानेवारी २०२५ मधला शासनाचा निर्णय: गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणं काढण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या. ४७ केंद्र संरक्षित किल्ले, ६२ राज्य संरक्षित. मुदत ३१ मे. पावसाळ्याआधी काम उरकावं, हा हिशेब शहाणपणाचाच होता. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मेला मुंबईत पोचला.

७
भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, जागा कोणती, तारीख कोणती. चौकशीअंती धन बेवारस ठरलं आणि जमीनमालक वेगळा निघाला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. सरकारला ते स्वतःकडे हवं असेल, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेता येतं.

इतका नेटका कायदा क्वचित वाचायला मिळतो. दहा रुपयांत आज एक कटिंग येतो. नांगराला लागलेलं तांब्याचं नाणं घेऊन लोक आधी सोनाराकडे जातात, मग भगताकडे. जिल्हाधिकाऱ्याकडे बातमी जाते ती सहसा वाटणीवरून भांडण झाल्यावर.

८
सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, ताम्हण राज्यफूल, ब्लू मॉर्मन राज्य फुलपाखरू. या मंडळींत तव्यावर जाणारा हा एकटाच.

त्याच वर्षी दोन महिन्यांनी ५४ जातींच्या माशांचे किमान आकार ठरवून देण्यात आले. पापलेट १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचा नाही. कारण साधं आहे. मासा एकदा तरी अंडी घालण्याइतका वाढला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी जाळ्यात पाणीच येईल. सातपाटीच्या मच्छीमारांनी हे सरकारला कैक वर्षं सांगितलं होतं, कारण पापलेट आटत चालल्याचं पहिल्यांदा त्यांच्या होडीला कळलं.

बाजारात बर्फाच्या पाटीत तळहातापेक्षा लहान पापलेटांची चळत. बर्फाचं पाणी फळीवरून चपलांवर ठिबकतं आहे. गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, हा नियमात बसतो का?"

"तव्यात बसतो ना? मग."

९
पावसाळी मासेमारीबंदी: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांना. कोळीवाड्याची बंदी नारळी पौर्णिमेला सुटते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा गेली ३० ऑगस्टला. अधिसूचनेला अधिक मास नसतो.

१०
प्लास्टिकबंदीची जाहीर सूचना. पहिल्यांदा सापडल्यास पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. मजकूर फ्लेक्सवर. पावसात रंग जाऊ नये म्हणून फ्लेक्सवर वरून प्लास्टिक.

११
२०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या शहरांत पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांचं झाड हे वारसा वृक्ष. ते तोडायची वेळ आली, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. ऐंशी वर्षांच्या वडाला ऐंशी रोपं. कल्पना मला आवडली. झाडाचं वय सरकारी हिशेबात पहिल्यांदाच धरलं गेलं. पन्नासाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मात्र ते नुसतंच झाड असतं. रस्ता रुंदीकरणाच्या अर्जात बरीच झाडं एकोणपन्नाशीत कशी सापडतात, हे कुणीतरी एकदा बघावं.

१२
गोव्यात २०१६ च्या दुरुस्तीने माड कायद्यापुरता झाड राहिला नाही. तोडायला परवानगी नको. २०१७ मध्ये नवं सरकार आलं आणि माड पुन्हा झाड झाला.

१३
तहसीलच्या आवारात जप्त केलेले वाळूचे ट्रॅक्टर. एका ट्रॉलीच्या चाकांतली हवा गेली आहे आणि फाळक्याच्या फटीतून एरंड उगवला आहे. चांगला कमरेएवढा. आतली वाळू तशीच. दुपारी त्यात दोन कुत्री गारव्याला झोपतात. दंड महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे, बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत.

२०२३ चं वाळू धोरण: सरकारी डेपो, ब्रासला ६०० रुपये. २०२५ चं वाळू धोरण: डेपो बंद, लिलाव परत. घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू फुकट. लिलावाच्या नोटिशीत घाटाचं नाव, गट क्रमांक, लांबी, रुंदी, खोली, ब्रास, हातची किंमत असं सगळं असतं. नदीचं नाव शोधावं लागतं.

१४
सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असा कायदा १९९३ पासून आहे. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल ती 'खोल विहीर'. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. बोअरची गाडी तमिळनाडू पासिंगची, रात्री अकराला गावात शिरते, फुटावर पैसे घेते. दोनशे फुटांना तिचे लोक अजून चहालाही थांबलेले नसतात.

जागा ठरवतो पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे पाणलोट क्षेत्रांचे नकाशे आहेत, चांगले आहेत, मागितले तर दाखवतात. फुली आणि नकाशा एकाच जागी आल्याचं सांगणारा शेतकरी मला भेटला. बोअर कोरडी गेली होती.

१५
पैसेवारी ५० च्या आत आली तर टंचाई. मग जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. ५१ आली तर पीक बरं आहे. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, डिसेंबरात अंतिम. शेजारशेजारच्या दोन गावांत बांध एकच, पाऊस एकच. एकाला ४८ पैसे, दुसऱ्याला ५३. त्रेपन्नवाल्या गावाचे लोक तहसीलदारांना निवेदन घेऊन जातात: आमचं पीक इतकं चांगलं नाही, साहेब.

१६
आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या पाण्यात एक चिमुकला मासा सापडला. २०२० साली त्याचं वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध झालं. नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये राज्याने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून अधिसूचित केली. क्षेत्र २.११ हेक्टर. म्हणजे सव्वापाच एकर, कोकणात एखाद्या बऱ्या बागायतदाराची बाग.

मी वाचलेल्या अधिसूचनांत ही एक मला पटते. लहान जागा, लहान मासा, हद्द पायी फिरून बघता येते. आणि कुंडातला मासा धरू नये, ही रीत देवस्थानांना सांगावी लागत नाही.

१७
पश्चिम घाट, परिस्थितिकीय संवेदनशील क्षेत्र, प्रारूप अधिसूचना, केंद्र सरकार:

१० मार्च २०१४.
४ सप्टेंबर २०१५.
२७ फेब्रुवारी २०१७.
३ ऑक्टोबर २०१८.
६ जुलै २०२२.
३१ जुलै २०२४.

सहा राज्यं, ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर. त्यात महाराष्ट्र १७ हजार ३४०. प्रत्येक मसुद्याला हरकतींसाठी ६० दिवस. मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही की मसुदा मरतो आणि पुढचा निघतो. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. ज्या मुलीने पहिल्या मसुद्याच्या वर्षी पहिलीत नाव घातलं, ती सहाव्या मसुद्यापर्यंत दहावी होऊन बाहेर पडली.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. सहाव्या मसुद्याची तारीख वर दिली आहे. त्यात वायनाडमधली गावं आहेत.

१८
संवेदनशील क्षेत्रात गाव येणार, या बातमीने सह्याद्रीत जेवढे ठराव झाले तेवढे दुसऱ्या कशाने झाले नसतील. एका ग्रामसभेत म्हातारे बोलले: "वाघ आला तर आम्ही बघून घेऊ, पण हा कागद नको." टाळ्या पडल्या. त्याच सभेचा पुढचा विषय होता डोंगर पोखरणाऱ्या खडी क्रशरची धूळ.

१९
दिवाणी प्रक्रिया संहितेत जप्तीचा हुकूम जागेवर 'ढोल वाजवून किंवा रूढ असेल त्या अन्य रीतीने' जाहीर करायचा, असं अजून आहे. गावात कोतवालाची दवंडी थांबली, हलगीवाल्याची पोरं पुण्याला कामाला गेली. आता रूढ रीत म्हणजे गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. परवा तिथे एक पीडीएफ आली. अकरा पानं, तिरकी स्कॅन केलेली, शेवटच्या पानावर साहेबांचा अंगठाही आलेला. विषय: प्रारूप अधिसूचनेवर हरकती व सूचना मागविणेबाबत.

खाली चार नमस्कार, दोन अंगठे, एक 'शुभ सकाळ'. मग वरच्या आळीतल्या वहिनींनी विचारलं, "आज नळाला पाणी आहे का?" यावर मात्र तेवीस उत्तरं आली.