ॲसिटोन : एका ज्वालाग्राही द्रवाची नेटकी गोष्ट (थ्रेड)

१/ नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवाला बहुधा जो उग्र, गोडसर वास येतो, तो ॲसिटोनचा. तीन कार्बन अणूंचे हे साधे संयुग ५६ अंश सेल्सिअसला उकळते, पाण्यात सहज मिसळते आणि ठिणगी मिळताच पेट घेते. पहिल्या महायुद्धाचा अभ्यास करताना ते मला वारंवार भेटत राहिले.

२/ ब्रिटिश तोफांचे गोळे कॉर्डाइटच्या बळावर सुटत. नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन ॲसिटोन घालून कणकेसारखे मळले जाई, मग शेवयांप्रमाणे साच्यातून दाबून काढले जाई. वाळताना ॲसिटोन उडून जाई. ते उरत नसे. मात्र त्याच्यावाचून कॉर्डाइट आकाराला येत नसे.

३/ पूर्वी ॲसिटोन लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळे आणि ब्रिटन ते मुख्यतः आयात करी. १९१५ मध्ये तोफगोळ्यांची टंचाई भासली, तेव्हा मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांची पद्धत उपयोगी पडली : मक्यातील स्टार्च जिवाणूंकरवी आंबवायचा. पुढे नाशिकलाही ॲसिटोनचा कारखाना उभा राहिला.

४/ १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांमुळे मक्याची आयात संकटात आली. मग ब्रिटनमधील शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटच्या बिया वेचायला सांगण्यात आले. त्यांचे नेमके काय होणार, हे गुप्त ठेवले गेले. खेळण्यातल्या बिया तोफांच्या कामी लागणार होत्या. उत्पादन मात्र निराशाजनक ठरले.

५/ वाइझमन झायोनवादी नेतेही होते. २ नोव्हेंबर १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा म्हणजे त्यांच्या ॲसिटोनचे बक्षीस, असे लॉइड जॉर्ज यांनी आठवणींत सुचवले. स्वतः वाइझमन यांना ते पटले नव्हते. इतिहासकारही त्यामागे युद्धकालीन मुत्सद्देगिरी आणि साम्राज्याचे हितसंबंध पाहतात.

६/ मला या नेटक्या कथेचे आकर्षण वाटते, म्हणूनच तिची धास्तीही वाटते. एक शास्त्रज्ञ, एक पंतप्रधान, एक द्रव, आणि झाला इतिहास! त्यात पॅलेस्टाइनच्या बहुसंख्य अरबांना जागाच उरत नाही. जाहीरनाम्यातही त्यांचा उल्लेख ‘बिगर-ज्यू समुदाय’ एवढाच आहे. कॉर्डाइट वाळले की ॲसिटोन दिसेनासे होते. कथा घट्ट झाली की माणसेही तशीच उडून जातात. त्यांना पुन्हा नोंदीत आणणे, हे आपले काम आहे.