पोटातली चौदा इंजेक्शनं

आमच्या पिढीला लहानपणी कुत्र्यापेक्षा त्याच्यामागून येणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जास्त. रोज एक, तेही बेंबीच्या आजूबाजूला. कालची जागा सुजून लाल झालेली, म्हणून आज जरा बाजूला. कुत्रा ओळखीचा असला तर दहा दिवस त्याच्यावर पाळत राही. एरवी हाड्-हाड् करणारी माणसं त्याला भाकरी घालून दाराशी धरून ठेवत, कारण तो धडधाकट राहिला तर उरलेल्या सुया टळत.

त्या लसीच्या बाटलीत असे मेंढीचा मेंदू. 1911 मध्ये कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी ही रीत बसवली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, मेंदू वाटायचा, फिनॉलने विषाणू मारायचा. लस स्वस्त, इथंच होणारी, आणि तिनं असंख्य जीव वाचवले. पण विषाणूबरोबर मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरणही टोचलं जाई, आणि मेंढीच्या नि माणसाच्या मायलिनमध्ये फरक फार थोडा. थोड्या जणांची प्रतिकारशक्ती मग स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटे.

सुया अर्ध्यावर आलेल्या असताना एखाद्याला ताप येई, पाय लुळे पडत, लघवी अडे. अशा वेळी डॉक्टर काय करत असतील? लस चालू ठेवावी तर लुळेपणा वाढायचा. थांबवावी तर रेबीजची टांगती तलवार, आणि रेबीजची लक्षणं दिसली की मरण जवळपास ठरलेलं. लस वाईटच म्हणणारे आणि लसीनं काही होतच नाही म्हणणारे, दोघांनीही त्या खाटेशी जरा उभं राहायला हवं होतं.

या लुळेपणाचं कारण काही गूढ नव्हतं. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाचा निरोगी मेंदू वारंवार टोचला आणि विषाणूशिवायच मेंदूदाह घडवून दाखवला. मायलिनवरच घाला घालणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचा पुढचा बराचसा अभ्यास याच प्रयोगाच्या वाटेनं झाला.

तरीही आपल्याकडे ही लस बनणं थांबलं ते 2004 च्या अखेरीस. पेशींवर वाढवलेली सुरक्षित लस त्याआधी कितीतरी वर्षं औषधाच्या दुकानात मिळत होती. परवडणारे ती दंडात घेत, बाकीचे सरकारी दवाखान्यात शर्ट वर करून उभे राहत. दुर्मीळ म्हणायचा तो धोका एकाच रांगेच्या वाट्याला येत होता, याचा मला आजही राग येतो. नवी लस स्नायूऐवजी कातडीत दिली की फार थोडी पुरते. 2006 मध्ये तशी परवानगी मिळाली आणि एका बाटलीत अनेकांचं भागू लागलं.