थांबवणारे

गेल्या दिवाळीच्या ऐन तोंडावर आमच्या कुकरने संप पुकारला. शिट्टी म्हणून होईना. झाकणाच्या कडेने वाफ सूं सूं करीत निघून जाई आणि आतली डाळ तशीच टणक. सासूबाईंनी माजघरातूनच निदान केले, "रबर सैल झालंय त्याचं. घटकाभर गार पाण्यात घाल, आजचा दिवस निभेल." तो दिवस निभला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाजारात गेले. दुकानदाराने खुंटीवरची काळ्या कड्यांची माळ खाली घेतली, "पाच लिटरचं की तीनचं, बाई? झाकण आतून बसतं की वरून?" अशी माझी उलटतपासणी घेतली आणि त्यातले एक कडे कागदात गुंडाळून हातावर ठेवले. वजनाने ते पापडाएवढे.

घरी येता येता मनात आले, हा कुकर घरात आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू लावले होते. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, हँडलला, बॉनेटला गंध लावतो. पण ब्रेकच्या लायनरला कोणी फूल वाहिल्याचे ऐकिवात नाही. जेम्स वॅटचे नाव माझ्या पाचवीतल्या पोरांनाही पाठ असते. त्याची वाफ सांध्यातून निसटू नये म्हणून, किंवा धावते चाक हवे तेथे उभे राहावे म्हणून कोणी डोके फोडून घेतले, असे विचारले तर सारा वर्ग गप्प बसेल. चालवणाऱ्यांना जग ओळखते, थांबवणाऱ्यांना नाही. मी भाषा शिकवणारी मास्तरीण, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण कादंबऱ्या लिहिता लिहिता एक खोड जडली आहे. जो कोपऱ्यात गप्प बसलेला असतो त्याचीच हकिकत मला हवीशी वाटते. तेव्हा आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या सरांना गाठले, त्यांनी दोनचार पुस्तके दिली, आणि त्या सुटीत चकलीच्या डब्याशेजारी बसून मी ती वाचून काढली.

पहिली गंमत नावाचीच. 'रबर' या इंग्रजी शब्दाचा अर्थ घासणारा. १७७० साली जोसेफ प्रीस्टली नावाच्या शास्त्रज्ञाने लिहून ठेवले की या चिकाच्या गोळीने पेन्सिलीची अक्षरे पुसली जातात. आपण ते नाव घेतले आणि पुन्हा त्याच्यामागे 'खोड' लावून खोडरबर केले.

त्या काळचे रबर मात्र पुसण्यापलीकडे फारसे उपयोगाचे नव्हते. उन्हाळ्यात ते गुळाच्या पाकासारखे चिकट होई आणि थंडीत लाकडासारखे कडक होऊन तडके. अमेरिकेतल्या कनेटिकट प्रांतात जन्मलेला चार्ल्स गुडइयर हा दिवाळे निघालेला लोखंडी सामानाचा व्यापारी या वेडाच्या नादी लागला. १८३४ साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात उन्हाने वितळून परत आलेला रबरी माल त्याने पाहिला, आणि पुढे त्याला दुसरे काही सुचेना. कर्जापायी तो वारंवार तुरुंगात गेला. फिलाडेल्फियाच्या तुरुंगातून त्याने बायकोला निरोप धाडला, कच्चे रबर आण आणि तुझे लाटणे आण. तिने ते आणून दिले. गडी कोठडीत बसून रबर मळतो आहे, लाटतो आहे! त्या बाईचे चरित्र कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. त्याच्या बारा मुलांपैकी सहा लहानपणीच गेली. घरातले किडूकमिडूक गहाण पडले. मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली असे सांगतात. हे वाचल्यावर माझ्यातली मास्तरीण त्याला क्षमा करायला तयार होईना.

१८३९ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी, गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा चुकून तापल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता. तो कडेने चामड्यासारखा करपला आणि मध्ये लवचीक राहिला. सर म्हणाले, "कच्च्या रबराचे रेणू म्हणजे सुट्या लांबलचक दोऱ्या. उष्णतेने गंधक त्यांच्यामध्ये गाठी मारते, म्हणून ताणले तरी ते परत येते." हे मला लगेच समजले, कारण सुट्या दोऱ्यांचा गुंता आणि विणलेली जाळी यांतला फरक कोणाही बाईला समजतो. पण त्या शोधापेक्षा गुडइयरने नंतर जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. तो तुकडा त्याने रात्री दाराबाहेर, कडाक्याच्या थंडीत, खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी पाहिले तर तो तसाच लवचीक. एका कर्जबाजारी माणसाला एवढे सुचले होते की रबराची खरी परीक्षा आगीइतकीच थंडीत आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

पेटंट त्याला १८४४ साली मिळाले. इंग्लंडात टॉमस हॅन्कॉक त्याच्याआधी अर्ज करून मोकळा झाला होता. १८६० साली गुडइयर वारला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलर कर्ज होते. त्याच्या नावाची टायरची कंपनी निघाली ती १८९८ साली, आणि ती काढणाऱ्यांचा त्याच्या घराण्याशी काही संबंध नव्हता. नाव तेवढे घेतले.

दुसरा माणूस हर्बर्ट फ्रूड. हा इंग्लंडातला, डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखातला. आपल्याकडे बैलगाडी उतरणीला लागली की बैलच मानेवर भार घेऊन ती थोपवतात. तिकडे घोडागाड्यांच्या चाकांवर लाकडी ठोकळा दाबण्याची सोय असे. उतारावर तो गुळगुळीत होऊन घसरे, म्हणून गाडीवान त्याच्यावर जुन्या बुटाचे चामडे ठोकीत. फ्रूडने हे पाहिले आणि त्या बुटाच्या जागी काय बसवता येईल याच्या मागे तो लागला. १८९७ साली त्याने धंदा सुरू केला. पुढे त्याचा कारखाना ज्या गावी गेला त्याचे नाव चॅपल-एन-ले-फ्रिथ. जुन्या बुटातून निघालेली विद्या शेवटी 'चॅपल'मध्येच जावी, हा योग मराठी माणसालाच कळायचा. आपल्याच आडनावाची अक्षरे उलटसुलट करून आणि त्यात बायकोच्या नावातला एक 'ई' घालून त्याने मालाचे नाव ठेवले 'फेरोडो'. या बाबतीत तो गुडइयरपेक्षा बरा म्हणायचा.

ब्रेक म्हणजे काय, हे खंडाळ्याचा घाट एस.टी.ने उतरताना नाकाला कळते. खोपोली जवळ येता येता जळका वास सुटतो. सरांनी हिशेब करून दाखवला. दहा टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरली तर जी शक्ती कोठे तरी जिरवावी लागते तिने सुमारे दीडशे लिटर पाणी उकळीला येईल. काही भार इंजिन घेते, काही वारा घेतो. बाकीचा सगळा त्या पानाएवढ्या लायनरांनी आपल्या अंगावर घ्यायचा. चामडे, लाकूड, सुती पट्टे हे सारे अशा तापाला जळून जाणार. म्हणून १९०८ च्या सुमारास फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉस वापरले. दगडातून निघणारा, न जळणारा धागा! मोटारी वेगाने धावू लागल्या त्या याच्या भरवशावर.

येथे मला एक प्रश्न पडला. लायनर झिजते, बरोबर. पण झिजलेले जाते कोठे? कापूर जळून जातो तसे ते नाहीसे होत नाही. त्याची धूळ होते, आणि ती धूळ ब्रेकचा ड्रम फुंकून साफ करणाऱ्या कारागिराच्या छातीत जाते. त्याच्याही आधी ज्यांनी हा धागा पिंजला आणि कातला त्यांच्या छातीत जाते. इंग्लंडातल्या रॉचडेल गावची नेली केरशॉ अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातण्याच्या कामावर होती. १९२४ साली, तेहतिसाव्या वर्षी, ती गेली. डॉक्टर कुक यांना तिच्या फुप्फुसात त्या दगडाचे कण सापडले, आणि त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापले. मालकांनी भरपाई नाकारली. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती १९९९ साली. एका बाईच्या फुप्फुसातली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात पोहोचायला पंचाहत्तर वर्षे लागली. आता अ‍ॅस्बेस्टॉस नसलेली लायनरे मिळतात. आपल्याकडे सूत कातणे हे पुण्यकर्म. त्या सुताच्या पायी कोणाचा श्वास जावा, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. चकल्यांवरची वासनाही उडाली.

दोन दिवसांनी तेच पुस्तक पुन्हा उघडले, ते कुकरच्या कड्याचा उलगडा व्हावा म्हणून. कुकरमध्ये बाहेरच्या हवेहून साधारण दुप्पट दाब असतो आणि पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. एवढा दाब ते मऊ कडे अडवते कसे? तर स्वतःच्या बळावर नव्हे. वाफच त्याला झाकणाच्या फटीकडे ढकलते, आणि जितकी ती जोर करील तितके ते घट्ट बसते. जिला अडवायचे तिचेच बळ अडवण्याच्या कामी! शत्रूच्याच दाणागोट्यावर लढण्याची ही गनिमी रीत आहे.

हीच रीत नील्स क्रिस्टेन्सन या गृहस्थाने यंत्रात आणली. हा मूळचा डेन्मार्कचा, १८९१ साली अमेरिकेत आला, आणि सुरुवातीला ट्रामगाड्यांचे हवेचे ब्रेक करीत असे. म्हणजे थांबवणाऱ्यांच्याच घराण्यातला. यंत्रातला दट्ट्या पुढेमागे सरकायचा आणि तरी कडेने तेल गळायचे नाही, हा त्याचा प्रश्न. त्याने गोल रबरी कडे घेतले आणि त्याच्यासाठी कोरलेली खाच कड्याच्या जाडीच्या दीडपट रुंद ठेवली. त्यामुळे कड्याला किंचित हलायला, लोळायला वाव मिळाला, आणि ते टिकले. घट्ट जखडून ठेवले असते तर लवकर झिजले असते. पेटंटचा अर्ज केला तेव्हा १९३७ साल होते आणि अर्जदाराचे वय बहात्तर. निवृत्त होऊन नातवंडे खेळवण्याच्या वयात हा मनुष्य खाचा मोजीत बसला होता! युद्धाच्या धांदलीत सरकारने ते पेटंट घेऊन कारखानदारांना खुले केले, त्याच्या हाती ७५,००० डॉलर ठेवले. १९५२ साली तो वारला. आज विमानापासून नळाच्या तोटीपर्यंत ते कडे आहे. इंग्रजीतल्या 'ओ' अक्षरासारखे दिसते म्हणून त्याला 'ओ रिंग' म्हणतात.

त्याच जातीचे एक कडे, सुमारे बारा फूट व्यासाचे आणि पाव इंचाहून थोडे जाड, अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अग्निबाणांत सांध्यासांध्यांवर बसवलेले होते. २८ जानेवारी १९८६ ही उड्डाणाची तारीख. आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर त्या संध्याकाळी टेलिफोनवरून तळमळून सांगत होते, थांबा. यापूर्वीचे सर्वांत थंड उड्डाण बारा अंशांच्या आसपास झाले होते, आणि तेव्हाही कडे पोळलेले आढळले होते. याहून गार असेल तर उडवू नका. रॉजर बॉइसजॉली नावाच्या इंजिनिअरने तर सहा महिने आधीच लेखी इशारा दिला होता. पण तारखा पुढे ढकलून ढकलून वरची मंडळी कंटाळली होती. कंपनीच्या एका अधिकाऱ्याला त्याच्या वरिष्ठाने सांगितले की इंजिनिअरची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची टोपी घाला. टोपी घालण्याचा आपल्या भाषेत काय अर्थ होतो हे त्या वरिष्ठाला ठाऊक असण्याचे कारण नाही. उड्डाण ठरले.

सकाळी उड्डाणाच्या वेळी हवा दोन अंशांच्या घरात होती. गार पाण्याने आमच्या कुकरचे कडे कडक झाले आणि एक दिवस निभला. येथे तोच गारठा घातक ठरला. आकडलेले रबर सांध्याची फट वेळेवर भरू शकले नाही. ७३ सेकंदांत यान फुटले आणि सातही जण गेले.

त्या सातांत क्रिस्टा मकॉलिफ होती. ती अवकाशवीर नव्हती, कॉन्कर्ड गावातली शाळामास्तरीण होती, सदतीस वर्षांची. अवकाशातून ती मुलांना दोन पाठ देणार होती, आणि म्हणून त्या दिवशी अमेरिकेतल्या कितीतरी वर्गांत मुले दूरदर्शन संचासमोर बसली होती. त्या वर्गांत उभ्या असलेल्या शिक्षिकांनी त्यानंतर फळ्याकडे कसे तोंड वळवले असेल, याची कल्पना करताना मला लेखणी बाजूला ठेवावी लागली.

चौकशी समितीत रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. कागदांचे भारे पडले होते. त्यांनी बर्फाच्या पाण्याचा पेला मागवला. त्या कड्याच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून पाण्यात बुडवला, बाहेर काढून सैल केला आणि सर्वांना दाखवले की तो चटकन परत फुगत नाही. गुडइयरने दाराबाहेर ठोकलेला तुकडा एकशेसत्तेचाळीस वर्षांनी भर सभेत आला, एवढेच.

क्रिस्टाच्या जागी राखीव म्हणून निवडलेली दुसरी शिक्षिका, बार्बरा मॉर्गन, २००७ साली अवकाशात जाऊन आली. आणि २०१८ साली, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या दोघा अवकाशवीरांनी क्रिस्टाने योजलेले काही पाठ अवकाश स्थानकातून करून दाखवले. त्याची फीत आमच्या सरांनी आठवीच्या वर्गाला दाखवली. मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. पडद्यावर पाण्याचा एक गोळा भांड्यावाचून, झाकणावाचून अधांतरी डुलत होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, याला कशानेच अडवलेलं नाही. मग हे सांडत कसं नाही?"

सर खडू घेऊन फळ्याकडे वळले.